झुल्याच्या उशाखालची भुई

दारात मी चपला काढल्या, तोच आतून कुणीतरी ओरडलं, "अगंबाई! अनवाणी नको!"

ते 'अगंबाई' माझ्या आईचं होतं. तोच सूर, 'बा'वर तीच ओढ. आईला जाऊन चार महिने झाले होते आणि मी पुण्यापासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे, मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या त्सालाम नावाच्या माया गावात, झावळ्यांनी शाकारलेल्या तिच्या घराच्या उंबऱ्यावर उभी होते.

ओरडणारी लेइदी कानुल होती. याच गावात जन्मलेली, आईच्या हाताखाली शिकलेली आणि आता इथल्या उत्खननाची प्रमुख. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा कागदी पोशाख घालून ती जमिनीवर गुडघे टेकून बसली होती.

"किक, तिथंच थांब," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. माया भाषेत किक म्हणजे ताई; ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. "तुझ्या टाचेचा एक कण इथं पडला तरी मंदाची सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"मंदा तर चपला घालून आत येणाऱ्याला चहा द्यायची नाही," माझ्या शेजारी उभी असलेली म्हातारी म्हणाली. ती लेइदीची आजी, फिदेन्सिया. सगळं गाव तिला चिच म्हणतं, म्हणजे आजीच.

"चिच, तेव्हा हे घर होतं. आता नमुना आहे."

"नमुना!" म्हातारीनं माझा दंड धरला आणि मला खालून वर न्याहाळलं. "ही बघ, नमुन्याची मुलगी आली. हाडकुळी आहे. मंदा सगळ्यांवर हुकूम सोडायची, घरी जेवायला घाल असा हुकूम सोडायला विसरली वाटतं."

आईचं नाव मंदाकिनी. स्पॅनिशमध्ये 'मांदा' म्हणजे 'ती हुकूम करते', आणि या गावानं तीस-पस्तीस वर्षं त्यावर विनोद केले होते. आई ते आम्हाला सांगायची तेव्हा आत्या हसायची नाही. "तिकडे तरी हुकूम चालतो म्हणायचा," एवढंच म्हणायची.

मी दोन वर्षांची असताना आई पहिल्यांदा इथं आली. गावाभोवती गवतानं झाकलेल्या बुटक्या टेकड्या आहेत. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथं घरं होती. आई म्हणायची, आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात, तशीच ही पांढर. दर नोव्हेंबरात ती निघायची आणि मार्चअखेर परतायची. काय खणायचं ते दर वर्षी गावसभा ठरवायची, ती नव्हे. गावाला आधी सांगितल्याशिवाय इथला खापराचा तुकडाही बाहेर जाणार नाही, हा तिनं दिलेला शब्द होता. गावकऱ्यांचे प्रश्न तिच्या प्रश्नांपेक्षा वेगळे असायचे. तिला राजांचा काळ हवा असे, त्यांना विहिरी कुठे होत्या ते हवं असे. पुढं पुढं तिलाही विहिरीच जास्त आवडू लागल्या.

त्या पाच महिन्यांत मी, बाबा आणि आत्या. गावात तेव्हा टेकडीवर चढल्याशिवाय फोनला रेंज नसायची. रोज कामावर जाण्याआधी आई वर चढायची. पुण्यात जेवणं आटोपून माझी झोपायची वेळ झालेली असे. कुणाच्या तरी हजार वर्षांपूर्वीच्या घरावर उभी राहून ती माझे पाढे ऐकायची. मागं कसले कसले पक्षी ओरडत असायचे. मी तेरापाशी अडखळले की ती पलीकडून हळूच आकडा सांगायची आणि बाबा म्हणायचे, "मंदा, कॉपी चाललीय."

परतली की तिची बोटं फुटलेली असायची. चुन्यानं. आत्या खोबरेल तेल गरम करून द्यायची आणि मी एकेक बोट घेऊन तेल चोळायचे. तिच्या ट्रंकेतून धुराचा आणि ओल्या चुन्याचा वास यायचा. दोन-तीन आठवड्यांत तो जायचा आणि मग ती पूर्ण आमची व्हायची.

त्या चुन्याचीच ही गोष्ट आहे.

*

जुन्या माया घरांना चुन्याची भुई असे. झिजली की वर नवा पातळ थर द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. असे थर कसे झिजतात ते पाहायचं म्हणून आईनं स्वतःच्या झोपडीत तशी भुई केली. दर वर्षी आल्या आल्या गावातल्या बायांना घेऊन ती चुना भिजवायची आणि नवा थर द्यायची. आपल्याकडे सणाआधी सारवतात तसं. हा प्रयोग पुढं कशाला उपयोगी पडेल हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

माणूस सतत झडत असतो. त्वचेचे कण, केस, थुंकीचे थेंब. त्यातला डीएनए एरवी मातीत लवकर सडतो, उष्ण प्रदेशात तर फारच लवकर. पण ओला चुना हवेतला वायू शोषून घट्ट होतो तेव्हा त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि त्यांत अडकलेला कण कुपीत ठेवल्यासारखा राहतो. वर पुढचा थर आला की खालचा कायमचा बंद. आईच्या शेवटच्या वर्षांत एक यंत्र तयार झालं, ते हे थर वाचू लागलं. आम्ही त्याला मराठीत भुईवाचक म्हणायचो. नाव आईनंच ठेवलं. पेन्सिलीएवढा तुकडा दिला की त्यातल्या सरमिसळीतून ते एकेक माणूस वेगळं काढतं आणि कोण कुणाचं काय लागतं ते सांगतं. वयाबरोबर डीएनएवर काही खुणा चढत जातात, त्यावरून कण पडला तेव्हा माणूस किती वर्षांचा होता हेही सांगतं.

यंत्र आलं आणि मागोमाग कायदा आला. जुन्या वस्त्यांचा ताबा ठरवायला तिकडे एक वारसा आयोग बसला. भुईवाचकानं सिद्ध केलं की तिथले रहिवासी आजच्या गावाचे पूर्वज होते, तर टेकड्या गावाकडे राहणार. नाहीतर कुंपण घालून पर्यटनाच्या कंपनीला मिळणार. त्सालामच्या टेकड्यांवर गाव मका लावत होतं आणि पाऊस लांबला की पावसाला बोलावण्याचा विधी तिथंच करत होतं. पण आयोगाची एक अट होती: यंत्र आधी त्याच मातीतल्या माहितीच्या घरावर तपासायचं. तिथं कोण राहत होतं ते जिवंत माणसांनी शपथेवर सांगायचं आणि यंत्राचं उत्तर त्याच्याशी तंतोतंत जुळायला हवं.

माहितीचं घर म्हणजे आईचं. तिथं ती एकटी राहायची, हे सगळ्यांना ठाऊक. तिच्यानंतर तिचे कण ओळखायला जवळच्या रक्ताचं कुणीतरी हवं होतं. तिच्यावर पुण्यात अंत्यसंस्कार झाले होते. राखेतून यंत्राला काही वाचता येत नाही. म्हणून लेइदीनं मला बोलावलं. मी लाळेचा नमुना द्यायला आणि आईचं सामान आवरायला आले होते. आठ-दहा दिवसांचं काम होतं.

लेइदीला मी फोटोंतून ओळखत होते. एक फोटो आमच्या बैठकीत अनेक वर्षं होता: तीन महिन्यांची लेइदी आईच्या कडेवर. इथं मूल पहिल्यांदा कडेवर घ्यायचा विधी असतो. जी बाई घेते ती त्याची मानलेली आई होते. लहानपणी मी तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि आत्या मुकाट्यानं सरळ करायची. आमच्याकडे कडेवर घ्यायला विधी लागत नाही, आई लागते.

*

उत्तर आलं तेव्हा लेइदी छपराखाली पडद्यासमोर बसली होती. चेहऱ्यावरचा मास्क गळ्यात लोंबत होता.

"किक, बस."

"काय झालं?"

"हे म्हणतंय, या घरात दोघी राहत होत्या."

येणाऱ्या-जाणाऱ्यांचे तुरळक कण यंत्रानं गाळले होते; पडद्यावर दोन रेघा उरल्या होत्या, सगळ्यात खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत. "ही मंदा," लेइदी म्हणाली. "ही दुसरी तिची मुलगी. खालच्या थरात दोन वर्षांची. त्यावरच्यात तीन. मग चार." तिचं बोट वर सरकत गेलं. "दर थराला एक वर्षानं मोठी होत जाते. सगळ्यात वरच्या थरात अडतीस."

"मी इथं कधीच आले नाही."

"मला सांगतेस? मी इथंच वाढले!"

"मग त्या दिवशी दारात माझ्या पायाचं काहीतरी..."

"आजचा कण चाळीस वर्षांचा निघेल. दोन वर्षांची मुलगी आज कुठून आणशील?" तिनं डोळे चोळले. "यंत्र बिघडलेलं नाही. मी तीन वेळा पाहिलं. ते खात्रीनं सांगतंय की तू दर हिवाळ्यात या घरात होतीस."

आम्ही दोघी चिचच्या स्वयंपाकघरात गेलो. म्हातारी तीन दगडांच्या चुलीपुढं मक्याच्या भाकरी थापत होती. लेइदीनं तिला मायात सगळं सांगितलं. चिचनं भाकरी तव्यावर टाकली आणि एक शब्द उच्चारला, जो मला दुभाष्याशिवाय कळला.

"फ्रॉक."

"काय?"

"तुझा फ्रॉक. मंदा दर वर्षी एक आणायची. न धुतलेला." लेइदी आता चिचचं बोलणं वाक्यावाक्यानं स्पॅनिशमध्ये सांगत होती. "निजायच्या झुल्याच्या उशाशी अडकवायची. मी म्हटलं, बाई, परगावी न्यायचा तर धुवून तरी न्यावा. तर म्हणाली, धुतला तर आणला कशाला?"

चिचनं भाकरी उलटली.

"दर वर्षी मोठा फ्रॉक. आम्ही बाया म्हणायचो, वाढतेय हं मंदाची पोर. फ्रॉकवरून कळायचं. मग पँट, सदरे. मग ती लांब फडकी."

"ओढण्या," मी म्हणाले.

"आणि परत जाताना तो मला मिळायचा," लेइदी एकदम मराठी-स्पॅनिशच्या मध्ये कुठंतरी म्हणाली. "शी! मला किती राग यायचा! सगळा हंगाम तो तिथं टांगलेला, आणि हात लावायची बंदी. एक पिवळा होता, त्याला बदकं होती. त्याचं वरचं बटण कधी टिकायचं नाही."

बदकांचा फ्रॉक. मी त्यासाठी दोन दिवस रडले होते. दर नोव्हेंबरात माझा एक कपडा हरवायचा. आत्या म्हणायची, दोरीवरून उडाला असेल. बाबा म्हणायचे, इस्त्रीवाल्याकडे राहिला असेल. मोठेपणी मला वाटायचं, मीच वेंधळी.

"तुला मोठा होत असेल तो," मी लेइदीला म्हणाले.

"दोन बोटं. नेहमी दोन बोटं."

*

गावसभा शाळेपुढच्या झाडाखाली भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागं सायकली. सभेचा प्रमुख गेनेर, साठीचा, शांत माणूस. मोठ्या पुरुषाला इथं तात म्हणतात. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला उगाच घरच्यासारखं वाटलं होतं.

लेइदीनं अडचण सांगितली. गाव म्हणत होतं मंदा एकटी राहायची, यंत्र म्हणत होतं दोघी. दोन्ही जुळली नाहीत तर चाचणी बाद आणि टेकड्यांवरचा दावाही बाद. आयोगाला वीस गावांचे दावे उरकायचे होते; खुलासे ऐकायला त्यांना वेळ नव्हता.

"यात अडचण काय?" मागून कुणीतरी म्हणालं. "ती यायची म्हणून सांगू. आम्ही सगळे सांगू."

"मी तर तिला झाडावरून पडताना पाहिलंय," एक म्हातारा म्हणाला.

"कोणत्या झाडावरून?"

"ते आता तोडलं."

सगळे हसले. चिच म्हणाली, "मंदानं तिच्याबद्दल इतकं सांगितलंय की मी तिला भरवलंय अशी शपथ मी आत्ता घेईन आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटणारही नाही."

"शपथ तुला घ्यायची नाही, चिच," गेनेर म्हणाला. "रहिवासी हयात असेल तर त्याचीच साक्ष चालते. तिला घ्यायची आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लेइदीकडे पाहिलं.

"मी अहवालात खोटं लिहिणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तू राहत होतीस असं तूच म्हणालीस, तर अहवाल खोटा ठरत नाही. माझ्याकडे बघू नकोस, किक. मला यातलं काय बरं ते कळत नाही. ती टेकडी माझ्याही बापजाद्यांची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनेर मला टेकडीवर घेऊन गेला. वर मक्याची वाळलेली ताटं होती, एका कडेला कुंपणाचे लोखंडी खांब आणून रचलेले होते. माथ्यावर पावसाच्या विधीसाठी फांद्यांचं मखर करतात ती जागा त्यानं दाखवली. जमीन तिथं पायांनी घट्ट झाली होती.

"मंदा इथं उभी राहून फोनवर आकडे म्हणायची," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं, कसले तरी मंत्र आहेत."

"पाढे."

"हो, नंतर तिनं सांगितलं." त्यानं मक्याचं एक वाळलेलं ताट मोडलं. "ती असती तर मी तिला काही विचारलं नसतं. तिचं उत्तर मला ठाऊक असतं. तुला मी ओळखत नाही. म्हणून विचारतो: काय सांगणार आहेस?"

"मला अजून ठरवता येत नाही, तात."

तो मान हलवून खाली उतरायला लागला.

खरं सांगायचं तर टेकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट मला ओढत होती. मी 'हो' म्हटलं की ते कायमचं नोंदलं जाणार होतं: शाल्मली, मंदाकिनीची मुलगी, प्रत्येक हिवाळ्यात आईजवळ राहत होती. यंत्राचा पुरावा, गावाची साक्ष, सरकारी शिक्का. मी त्या दोन दिवसांत ते सगळं जगूनही पाहिलं. एका झुल्यात मी आणि लेइदी, दोघींत बदकांच्या फ्रॉकवरून भांडण. आई ओल्या चुन्यात गुडघे टेकून. मी तेरापाशी अडखळलेली आणि ती इथंच, हाताच्या अंतरावर. मला एवढंच तर हवं होतं लहानपणी. आता एका शब्दात मिळत होतं, आणि त्यात गावाचं भलंही होतं.

*

साक्ष शाळेच्या वर्गात, पडद्यावर झाली. मागच्या बाकांवर गाव दाटीवाटीनं बसलं होतं. आयोगाच्या बाई साधारण माझ्याच वयाच्या, दमलेल्या होत्या, पण बोलण्यात नम्र.

"यंत्राच्या निष्कर्षानुसार या घरात दोन व्यक्ती राहत होत्या. दुसरी आपण. आपण बालपणापासून इथं राहत होता, हे शपथेवर सांगता का?"

मी तोंड उघडलं तेव्हाही माझं ठरलं नव्हतं. मग मला तो उशाशी टांगलेला फ्रॉक दिसला, दर वर्षी थोडा मोठा. मी इथं होते असं म्हटलं, तर तो कुणी कशासाठी आणला होता? मुलगी जवळच होती म्हटल्यावर आईला तिची आठवण येण्याचा प्रश्नच नव्हता. या भुईत तिच्या एकटेपणाचा जो एक पुरावा होता, तो मीच पुसणार होते.

"नाही," मी म्हणाले. "मी इथं या महिन्यात पहिल्यांदा आले."

मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. मी वळले नाही.

"मग आपण त्या भुईत कशा?"

"आई मला सोबत आणायची. माझे कपडे. न धुतलेले. मी घरी असायचे."

बाईंनी समोरचा कागद उलटला. "म्हणजे जी व्यक्ती राहत नव्हती तिलाही यंत्र रहिवासी म्हणतं."

"हो."

"याचा अर्थ समजतो ना आपल्याला?"

"समजतो."

चाचणी बाद झाली. नव्या चाचणीसाठी अर्ज करता येईल, असं त्या म्हणाल्या. तोवर टेकड्या बंद. आठवडाभरात खांब उभे राहिले आणि मखराची जागा तारेच्या आत गेली.

गावात मला कुणी वाईट बोललं नाही. चिचकडून फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी येत राहिल्या. गेनेर वाटेत भेटला की टोपीला हात लावायचा आणि पुढं जायचा. त्यापेक्षा तो भांडला असता तर बरं झालं असतं. मी परतीचं तिकीट काढलं आणि आईची भांडी चिचला, पुस्तकं शाळेला असं वाटून टाकलं.

निघायच्या आदल्या सकाळी लेइदी धावतच आली. तिच्या हातात फळी होती आणि फळीवर चौकटी आखलेला आईच्या भुईचा नकाशा.

"किक, मी मूर्ख आहे. आपण थर मोजले, जागा मोजलीच नाही. सगळ्या भुईचा मिळून एक नमुना केला." तिनं नकाशा माझ्यापुढं धरला. "आता चौकट चौकट वेगळी वाचली. मंदा बघ: दारात, चुलीपाशी, टेबलाखाली, सगळीकडे. जिथं माणूस वावरतं तिथं सगळीकडे. आणि तू?"

सबंध नकाशात एकच चौकट रंगवलेली होती. झुल्याच्या उशाखालची.

"प्रत्येक थरात," लेइदी म्हणाली. "फक्त तिथंच. राहणारं माणूस घरभर पसरतं. आणलेलं माणूस एका जागी असतं."

ती खाली बसली. मी त्या चौकटीवर बोट ठेवलं.

"आणखी एक," ती मग म्हणाली. "टेकडीवरच्या मोठ्या घराचे नमुने आपल्याकडे आधीचेच आहेत. ते मी आज पहाटे जागेप्रमाणे पुन्हा लावून पाहिले. बाकीची माणसं घरभर आहेत, आणि आमच्या गावाशी त्यांचं नातं लागतं. पण त्यातला एक मुलगा आपण रहिवासी धरला होता. तो फक्त आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात आहे. सात-आठ थर. दर थराला तेवढाच, दहा वर्षांचा."

"मोठा होत नाही?"

"नाही."

बाहेर कोंबड्या भांडत होत्या. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका मुलाचं काहीतरी, एखादं पांघरूण असेल, त्या कोपऱ्यात ठेवलं होतं आणि दर वेळी भुई करताना उचलून पुन्हा तिथंच ठेवलं होतं. माझ्या एका 'हो'नं तो मुलगा कायमचा घरात राहणारा ठरला असता.

"आयोगाशी मी बोलले," लेइदी म्हणाली. "नव्या पद्धतीची चाचणी त्यांना मान्य आहे. याच मातीत, याच घरात, नवा थर. एक पूर्ण वर्ष. एक राहणारं माणूस हवं, जे आधी इथं राहिलेलं नाही. आणि एक आणलेलं, जे वर्षभर इथं पाऊल ठेवणार नाही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गावातलं कुणी चालत नाही. सगळे या घरात शेकडो वेळा येऊन गेलेत."

मी पुण्यात एका कोशाच्या संपादनाचं काम करते. नोंदी कुठं बसूनही तपासता येतात. बाबा आणि आत्या आईच्या आधीच गेले होते. पुण्याच्या घरात माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. मी तिकीट रद्द केलं.

गावसभेत गेनेर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे हिला आधी 'राहिले नाही' असं खरं सांगायचं होतं आणि मग राहायचं होतं. उलट केलं असतं तर हे खांब टळले असते." लोक हसले. तो हसला नाही, पण सभा संपल्यावर त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "चुन्याचे दगड जड असतात. माझी माणसं आणून देतील."

आम्ही सगळ्या बायांनी मिळून थर दिला. चिच खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. माझी बोटं पहिल्याच दिवशी फुटली. थर घट्ट झाल्यावर लेइदीनं झुला बांधला आणि ती तिच्या यंत्रापाशी बसली.

"राहणारी, शाल्मली, वय चाळीस," ती बोलत बोलत भरत होती. "आणलेली व्यक्ती?"

मी बॅग उघडली. आईचा करडा स्वेटर तळाशी होता. दवाखान्यात ती शेवटपर्यंत तोच अंगावर ओढून घ्यायची. पुण्यात मी तिची सगळी कपाटं रिकामी केली होती, पण तो कुणाला द्यायला किंवा बादलीत टाकायला हात धजावला नव्हता. मी तो उशाशी अडकवला. चिच उठून आली, तिनं त्याची बाही हातात घेतली, नाकाशी धरली आणि सोडून दिली.

"वय?" लेइदीनं विचारलं.

"एकाहत्तर."

तिनं लिहिलं. मग थांबून म्हणाली, "किक, एक सांगून ठेवते. तू एक वर्षाहून जास्त राहिलीस, पुढच्या हिवाळ्यात आणखी थर दिलास, तर तुझं वय वाढत जाईल. तिचं नाही. ती प्रत्येक थरात एकाहत्तरचीच निघेल."

"ठीक आहे," मी म्हणाले. "मी येईन तिच्यापर्यंत."